बी-सत्तावीस

रिपोर्टवर एवढंच. पुढे: पॉझिटिव्ह.

अप्पा वाकून चालायचे;
सगळ्या दालबाजारात त्यांच्या नम्रपणाची ख्याती.
आत्या म्हणे, खतावण्यांनी वाकवलं.
मान वर होत नसे. किल्ला बघायचा
तर आधी गुडघे दुमडत.

मला कंबर पहाटे चारला उठवते.
अंधारात कंपूपर्यंत चालून आलं
की मग कुठे सैल सोडते.

धाकट्याच्या रक्तातही हेच,
आणि तो अजून मेळा मैदानावर
धावत येऊन चेंडू टाकतो.
"मतदारयादीत नाव असलं," डॉक्टर पोतनीसबाई म्हणाल्या,
"म्हणून मत पडतंच असं नाही."

घरी येऊन फोटोसमोर उभा राहिलो,
जमेल तेवढा ताठ.

अप्पा,
दुखत होतं ना?