सहा शेजारी

तोत्तोरीच्या टेकड्यांवरून वाळू न्यायला मनाई आहे.
मोचिदा-सान म्हणाल्या, चपलेत आली.
आली तेवढी औषधाच्या बाटलीत भरून ठेवली होती
निवृत्तीला सहा आठवडे उरेपर्यंत.

मग एका रात्री, वहीत नोंद न करता,
खलात तिची पूड केली,
तांदळाच्या दाण्याएवढ्या प्लॅटिनमच्या नळीत भरली.
नळी ठोकळ्यात, ठोकळा आठ घनांच्या मधोमध.
प्रत्येक घनाचा आतला कोपरा छाटलेला,
जणू आठ जणांनी सरकून जागा दिली
आणि मग तिथेच कोंडलं.

पंप सुरू झाला, गुडघे दुखणारं कुणी
जिना चढावं तसा.
एक लाख वातावरणं, मग आणखी थोडी.
पायाखाली तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर,
जिथवर मिसासाच्या गरम झऱ्यांची मुळंही जात नाहीत.

मी आकडे वाचत होतो, त्या बोलत होत्या.
वाळूत सिलिकॉनला शेजारी चार.
चारी कोपऱ्यांना ऑक्सिजन, मधे हा,
भोवती पुष्कळ मोकळं अंगण.
दाब वाढला की आधी अंगणं आक्रसतात,
घरं तिरकी होतात, कोन बिघडतात,
पण शेजारी चारच. हट्टी असतो तो.
मग कधीतरी, नेमकं कधी ते यंत्रालाही कळत नाही,
वाकायलाही जागा उरत नाही
आणि पलीकडचे दोघे आत येतात.
सहा.

मी म्हणालो, म्हणजे दाबानेच घडतो आपण.
त्यांनी नाक मुरडलं.
"कोण घडतं? शेजारी वाढतात, एवढंच."

एकला वीज तोडली.
चौदाशे अंशांवरून खोलीच्या हवेवर,
चहाचा घोट गिळेपर्यंत.
दाब मात्र घाईने सोडायचा नसतो.
एकदा घाई झाली, घन फुटले,
नदीपलीकडच्या हमामातून एक ट्रकवाला
तसाच ओला रस्त्यावर आला होता.

म्हणून पहाटेपर्यंत बसायचं.
खिडकीखाली मितोकू नदीत
कजिका बेडूक शीळ घालत होते.
मोचिदा-सान गावाबद्दल बोलल्या. मी विचारलं नव्हतं.
वरच्या खोऱ्यात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा, अकरा घरं.
शाळा बंद झाली तेव्हा सात.
निशिगोरींचा मुलगा ओसाकाला गेला, आईला घेऊन.
हामाबेंच्या दोघी बहिणी एका हिवाळ्यात गेल्या,
पण त्या टेकडीवरच आहेत, तशा लांब नाहीत.
आता दोन. एक यांचं,
दुसरं अशिझावा आजोबांचं, ज्यांना ऐकू येत नाही.
"आमच्याकडे दाब कमी पडला," त्या म्हणाल्या
आणि थर्मासचं झाकण गरजेपेक्षा घट्ट लावलं.

सकाळी नळी कापली. क्ष-किरणांच्या पट्ट्यांवर
त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं.
सहा. दाब गेला तरी सहाच.
वजन तेवढंच, जागा लहान.
"राहील असं?"
"राहील. तापवलं नाही तर.
तापलं की सगळे उठून जातात, मागे काच उरते."

पहिली बस गेली होती, मी सोडायला गेलो.
नऊ दारांवर कुलुपं, एकावर मधमाश्यांचं पोळं.
अशिझावा आजोबा ओट्यावर शेंगा सोलत होते.
मोचिदा-सान त्यांच्यापुढे बसल्या, तळहात उघडला,
त्यावर दिसेल न दिसेल असा करडा ठिपका.
"टेकडीवरची वाळू!" त्या ओरडल्या,
इतक्या मोठ्याने की पोळं घुमलं.

आजोबांनी वाकून पाहिलं. शेंगांची परडी
आमच्या दोघांच्या मधे सरकवली.
"दोनदा धुवा," ते म्हणाले, "दाताखाली येते."