ऋण म्हणजे वजा

शुक्रवारी सकाळी नऊला भरते आमची रविवारशाळा.
नवीन मूल ह्यावर एकदा हसतं,
पुढच्या आठवड्यात तेही विसरतं.
रुवीतल्या चर्चच्या आवारात, तमिळ उपासना सुटायच्या आत
आम्हां मराठी घरांना मिळते ही खोली:
अकरा मुलं, एक फळा, खोकणारा एसी.
रात्रपाळी संपवून मी थेट इथे येते,
हातांना अजून वॉर्डातल्या स्पिरिटचा वास.

आजचा धडा, अर्पण आणि क्षमा.
तयारी केली होती मी. न्यायाधीश, दंड,
आणि दुसऱ्याचा दंड भरणारा एक भला माणूस.
"आमच्या बाबांना रडारचा दंड आला होता," रूबेन उजागरे म्हणाला,
"कंपनीने भरला. मग पगारातून कापला."
वर्ग खिदळला. माझा भला माणूस तिथेच गार झाला.

मग ईदचा विषय निघालाच.
पिकअपमध्ये दाटीने उभे बोकड सगळ्यांनी पाहिले होते,
शेजारच्या उम्म सालेमने पाठवलेलं मटण
अजून दोन घरांच्या फ्रीजमध्ये होतं.
"तसंच का, मिस? येशूचं?"
मी म्हटलं, कोकरू. देवाचं कोकरू.
पण कोकरू कुणी पाहिलंच नव्हतं.
इथे ते न्यूझीलंडहून येतं, गोठलेलं, पिशवीत.
"पण देवाला रक्त कशाला हवं?" अबीगेलने विचारलं,
"नुसतं सोडून दिलं असतं तर?"

हाच प्रश्न मी लहानपणी जालन्याला
पाळकसाहेबांना विचारला होता.
त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं.
मी अबीगेलला उभं केलं नाही.
उत्तर मात्र माझ्याकडेही नव्हतं.

आणि मागच्या बाकावर काहीतरी फुटलं.

काचेचं कासव, केझिया ओहोळचं.
बाबा टँकरवर निघताना तिच्या हातात देऊन गेलेले,
आठ महिन्यांसाठी.
रूबेनचं कोपर. कासवाचे तीन तुकडे
आणि न मोजता येणारा चुरा.

रूबेन म्हणाला, सॉरी.
मग म्हणाला, पैसे देतो, आणि खिसा चाचपला.
दोनशे बैसा निघाले, एक च्युइंगमचा कागद.
केझियाने ते दोनशे बैसा पाहिले.
एसी दोनदा खोकला.
"राहू दे," ती म्हणाली.

मी शाब्बास म्हणणार होते.
पण ती रुमालात तुकडे गोळा करत होती,
आणि तिच्या बोटावर एक बारीक लाल रेघ उमटली.
अबीगेलने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.
मी पर्समधली पट्टी शोधत राहिले.

"राहू दे म्हटल्यावर ते जोडलं जातं का?" धाकट्या योएलने विचारलं.
नाही रे.
"मग फुटलेलं कुणाचं?"
"माझंच," केझिया म्हणाली, बोट तोंडात धरून.

तेव्हा शमुवेल बोलला. दोन महिन्यांपूर्वी गावाहून आलेला,
इंग्रजीला घाबरून गप्प बसणारा.
"मिस, प्रार्थनेत आपण ऋण म्हणतो ना,
आमच्या गणितात ऋण म्हणजे वजा.
रूबेनचं वजा तिने घेतलं."

फळ्यावर लिहिलेलं सगळं मी पुसलं.
दुसरं काही लिहिलं नाही.
बाहेर तमिळ उपासना सुटली, चपलांचा गलका झाला.
जाताना केझिया रूबेनशी बोलली नाही,
आणि मी तिला बोल म्हटलं नाही.

घरी माझी एक वही आहे.
आईच्या डोळ्यांसाठी मी पाठवलेले दोन लाख ऐंशी हजार
भावाने प्लॉटमध्ये घातले.
सहा वर्षं दर महिन्याला त्याखाली मी एक ओळ लिहिते,
व्याजासकट.
आज एक तारीख. वही उघडली.
मुद्दल तसंच आहे, खोडवलं नाही माझ्याच्याने.
फक्त व्याजाची ओळ लिहायची राहू दिली
आणि पडदे ओढून, दिवसाढवळ्या, झोपले.