दोर ओळखीचा निघाला

देवलापारच्या अलीकडे, डांबर संपतं तिथून आत,
साडेसात एकर.
साग थोडा, धावडा बराच, मधून वाहणारा
नकाशात नाव नसलेला नाला.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं रेघा ओढल्या मी,
म्हणून पायवाटही आधी कागदावर काढली:
फाटकापासून मोहापर्यंत, मोहापासून नाल्यापर्यंत,
पट्टी लावून.
इस्तारी मडावीनं कागद उलटा धरला, सुलटा धरला,
घडी करून बंडीच्या खिशात घातला.
"चाला जी, आधी रोही कुठून जाते ते पाहून येऊ."

रोह्यांची वाट वळणाची निघाली.
वारुळाला वळसा, तिथं अस्वल येऊन उकरतं;
चिल्हाटीच्या काट्यांना वळसा;
आणि एका जागी उगाचच वळसा,
ज्याचं कारण त्याला सांगता आलं नाही, मलाही नाही.
तरी आम्ही वाट तिथूनच नेली.

कार्तिकापासून माघापर्यंत सब्बल, टिकास, घमेलं.
उतारावर दर बारा पावलांनी आडवा दगड,
पाणी वाटेवरून न धावता बाजूला निघून जावं म्हणून.
दगड नीट बसला नाही तर इस्तारी त्याला शिवी द्यायचा,
मला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.
मला ऐकू यायची.

पुलासाठी लोखंडी दोर हवा होता.
कामठीच्या भंगारवाल्याकडे मिळाला, किलोवर,
बंद पडलेल्या कोळसा खाणीतला.
टेम्पोतून वेटोळं उतरलं.
इस्तारीनं त्याच्यावर हात ठेवला,
बोटाला लागलेलं वंगण नाकाशी नेलं.
खर्रा थुंकून आला, चूळ भरून आला,
मग पुन्हा हात ठेवला.

"हा आपल्या ओळखीचा हाय, बाई.
एकोणीस वर्स याच्यासंग खाली गेलो.
डबे यानं ओढले, याले वंगण म्या पाजलं.
हा जोड पाहा. माह्या हातचा."
मला जोड दिसेना.
त्याला तेच सांगायचं होतं.

तीन दिवस तो नुसता दोर तपासत बसला.
तुटक्या तारा खडूनं खुणावल्या,
नऊ हात कापून फेकले.
कहूच्या बुंध्याला बांधू दिला नाही.
"झाड वाढते, मंग दोर त्याच्यात घुसते."
दोन्ही काठांवर रुळाचे तुकडे पुरले, छातीइतके खोल.
फळ्या सागाच्या, बोल्ट इतवारीतले,
हिशेब माझा, दोनदा चुकलेला.
शेवटी वाळूची चौदा पोती
एक रात्र पुलावर झोपवली.
सकाळी पूल दोन बोटं खाली आला होता.
"हाव, इतका तर येतेच."

मी जाऊन आले. माझा भाचा गेला, आला, पुन्हा गेला.
इस्तारी गेला नाही.

शनिवारी तो बायकोला घेऊन आला.
फागोबाई, नवी चप्पल हातात.
तिनं हा दोर फक्त खाणीच्या तोंडाशी पाहिला होता,
दुपारचा डबा द्यायला यायची तेव्हा.
तिथून पुढे तो अंधारात जायचा, आणि हाही.

ती फळीवर चढली. तो अलीकडे उकिडवा बसला,
तळवा दोरावर, डोळे मिटलेले,
पाळीवर बसल्यासारखा.
"चौथ्या फळीवर हाय."
होती.
"आता भेली."
पदर दातांत धरलेला मला दिसला.

घंटीची भाषा त्यानं मला चहाच्या वेळी सांगितली होती:
एक म्हणजे थांब,
दोन म्हणजे सोड,
तीन म्हणजे ओढ.
तिनं ती घरी किती वेळा ऐकली असेल, कोण जाणे.

पुलाच्या बरोबर मध्यावर
फागोबाईनं हातातली बांगडी दोरावर वाजवली.
एकदाच.

खाली घोटाभर पाणी, त्यात कहूची पानं.
थांबवण्यासारखं काही चाललेलं नव्हतं.
तरी इस्तारीनं
दुसरा हातही दोरावर ठेवला.