धर्मकाटा

बुटीबोरीच्या त्या कारखान्यात
कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये, मे महिन्यात, जेवणानंतर,
मी बेचाळीस स्लाइड घेऊन उभी.
विषय : कार्यस्थळावरील नीतिमूल्ये.
समोर साठ माणसं, दोन कूलर,
आणि तिसऱ्याच स्लाइडला
'सचोटी' या शब्दाखाली
डिस्पॅचचे टेंभुर्णे घोरायला लागले.

मला राग नाही आला.
सहा वर्षं मी हाच शब्द वाचतेय,
गोंदियात, चंद्रपुरात, हिंगण्याच्या दोन्ही शिफ्टना,
आणि शेवटी दर वेळी तेच :
लाच घेणे
अ. योग्य ब. अयोग्य क. परिस्थितीनुसार.
सगळ्यांचं ब. शंभर टक्के. प्रमाणपत्र.

तेराव्या स्लाइडला लाईन गेली.
कूलर थांबले तशी माणसं जागी झाली.
अंधार नव्हता, मे होता;
खिडकीला चिकटवलेल्या कागदातून उन्हाची एक सळई
बरोबर पडद्यावर, जिथं आता काहीच नव्हतं.

मी म्हटलं, चला, गप्पा मारू.
कोणी मारेना.
मग मागून, दाराजवळून, काट्यावरचे शालिक लांजेवार :
"मॅडम, एक चाक बाहेर असलं तर किती फरक पडते?"

कशाचं चाक?

"ट्रकचं. गेटवर धर्मकाटा नाही का आपला.
भंगार भरून गाडी निघते.
डायवर मागचं एक चाक काट्याच्या बाहेर ठेवते.
इतकंसं. वीतभर.
मशीन खोटं बोलत नाही,
तिच्यावर जेवढं ठेवलं तेवढंच सांगते.
मी बी खोटं नाही लिहिलं. जो आकडा आला, तो लिहिला.
फक्त खिडकीतून वाकून पाह्यलं नाही."

टेंभुर्णे आता टक्क जागे.
कोणी म्हणालं, काय बे शालिक.
कोणी विचारलं, भेटलं काय?
"संत्री. अर्धी पेटी. मृगाची होती. गोड."
दोघं हसले, मग तेही गप्प झाले.

"किती फरक पडते?" त्यांनी पुन्हा विचारलं.
माझ्या बेचाळीसमध्ये हे कुठंच नव्हतं.
मेंटेनन्सची रोशनी उईके उठली,
खडूनं भिंतीवर ट्रक काढला, दहा चाकं,
एका एक्सलवर इतकं, तर एका चाकावर...
हिशेब लांबला. भांडण झालं.
कोण म्हणे, वाकून पाहणं त्याचं कामच नाही.
कोण म्हणे, तिथला कॅमेरा दोन वर्षांपासून बंद आहे,
तो कोणी बंद ठेवला ते विचारा.
कोण म्हणे, हळू, साहेब बसले आहेत.
साहेब बसले होते. रुमालानं मान पुसत,
वहीत काही न लिहिता.

लाईन आली. प्रोजेक्टरनं आपणहून
तेरावी स्लाइड लावली :
कोट घातलेले दोन गोरे हात, एकमेकांत.
मी ती बंद केली.

माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात
सीताबर्डी ते बुटीबोरी टॅक्सीचं बिल होतं.
मी बसनं आले होते.
सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती;
शालिकभाऊ माझ्या तोंडाकडेच बघत होते.
मी म्हटलं, धन्यवाद, फार छान मुद्दा मांडलात.

निघाले तेव्हा गेटवर एक ट्रक उभा,
आणि काट्याच्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकलेले ते,
हात हलवत : मागं घे. अजून.
अजून एक वीत.

मी कडेकडेनं गेले,
त्या लोखंडी पत्र्यावर
पाय पडू न देता.