दोन बोटं

खोदायचं यंत्र गुरुवारी येणार होतं.
सोमवारी इल्ग्वार्सचा फोन आला,
दीड वर्षात पहिला:
"पिओनी हवी असेल तर घेऊन जा.
नवे मालक तिथं गाडी लावणार आहेत."

कुल्दिगाच्या बसमध्ये फावडं मांडीवर घेऊन बसले,
पात्याला जुना टॉवेल गुंडाळून.
ड्रायव्हरनं असं पाहिलं, की त्याचंही तिकीट मागतो की काय.

सप्टेंबर. पानं तांबूस, कडांना करपलेली.
तो एका बाजूनं, मी दुसऱ्या,
वीतभर अंतर राखून खणत गेलो.
घराची वाटणी झाली वकिलाच्या टेबलावर,
तिथं आम्ही एकमेकांचं पेनसुद्धा घेतलं नव्हतं.

गड्डा वर आला, झोपलेल्या कुत्र्याएवढा जड.
धुतला तेव्हा डोळे दिसले,
गुलाबी, टपोरे,
पुढच्या उन्हाळ्याकडे लागलेले.

स्वयंपाकघरातून त्यानं पावाची सुरी आणली.
तीच. मूठ तडकलेली, आईनं तारेनं बांधलेली.
कुठल्याच यादीत तिचं नाव नव्हतं.
"तू काप," म्हणाला, "माझा हात थरथरतो."
कधीपासून, ते मी विचारलं नाही.

एका तुकड्याला पाच डोळे, दुसऱ्याला चार.
पाचाचा मी त्याच्याकडे सरकवला.
त्यानं परत सरकवला.
असं तीनदा.
शेवटी चाराचा त्यानं वर्तमानपत्रात बांधला
आणि मला आठवलं,
हा तर पाचव्या मजल्यावर राहतो.

"डोळे वर ठेव," बसच्या पायरीवरून मी सांगितलं.
"वर दोन बोटं माती. जास्त नाही."

पिओनी रुसते.
जागेवरून हलवली की दोन-दोन वर्षं तोंड दाखवत नाही.
तिसऱ्या जूनमध्ये माझ्याकडे एकच कळी,
ती मुंग्यांना माझ्याआधी सापडली.
उमलली आणि त्याच रात्री पावसात मान टाकून पडली.
मी फांदीचा टेकू दिला.

दुसऱ्या दिवशी फोन.
"लिएपायात, ट्राम डेपोच्या कुंपणाशी लावली होती.
पानं भरपूर. फूल नाही."
"किती खोल पुरलीस?"
गप्प.
"थंडी वाढत होती, झेन्ता. वाटलं, गारठेल.
थोडी माती लोटली.
मग अजून थोडी."

सप्टेंबरशिवाय मुळाला हात लावायचा नसतो.
पण वरची माती बोटांनीही उकरता येते.
फावडं घरीच ठेवते.
रविवारी पहिली बस सव्वासातला आहे.