कॉलम सेंटिमीटर

जाहिरात आमच्याच पेपरात आली होती,
पान नऊ, शोकसंदेशांच्या शेजारी.
पीएच.डी.च्या चार जागा. विषय : हवामानबदल आणि वृत्तपत्रे.
पैसे माझ्या पगाराहून सातशे रुपयांनी कमी.
वयाची अट नव्हती. दोनदा वाचून खात्री केली,
मग सवयीने शुद्धलेखन तपासलं.
'शिष्यवृत्ती'ची दुसरी वेलांटी पहिली पडली होती.

मुलाखतीत डॉ. केसकरांनी चष्म्यावरून विचारलं,
एकोणीस वर्षं डेस्कवर काढलीत,
आता हे कशाला?
म्हटलं, मोजायचंय.
काय?
हवामानाला आपण किती जागा दिली ते.
बाहेर रस्त्यावर, जानेवारी सरला नव्हता तरी,
रसवंती सुरू झाली होती.
घुंगरांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येत होता.
त्यांनी खिडकीकडे पाहिलं
आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

हल्ली मी जुन्या अंकांत बसते.
तांबोळीमामा बांधीव खंड छातीशी धरून आणतात,
टेबलावर ठेवतात तसे, निजलेलं मूल ठेवावं.
'पान उलटताना फुंकर नको ताई, तुकडे पडतात.'
माझ्याकडे लेकाच्या कंपासपेटीतली पट्टी,
मागे करकटकाने कोरलंय : ओजस, ६ ब.

तापमानाची चौकट उजव्या कोपऱ्यात, तळाला.
पूर्वी दोन कॉलम रुंद,
आणि खाली वेधशाळेतल्या कुणाचं तरी एक वाक्य,
घरी लिहिलेल्या पत्रातलं वाटावं असं :
'पाषाणकडे धुकें दाट. दहापर्यंत ऊन नाहीं.'
पुढे वाक्य गेलं. पुढे एक कॉलम गेला.
मग सूर्याचं चित्र आलं, गोल गालांचं,
एक्केचाळीस अंशांनाही हसणारं.

उन्हाळ्याच्या बातम्यांत मला कलिंगडं सापडतात,
कालव्यात उड्या टाकणारी पोरं,
डोळे तेवढे उघडे ठेवून स्कूटरवर निघालेल्या मुली.
'पुणेकर घामाघूम'
हे शीर्षक मी किती वेळा दिलं, मोजलं नाही.
मोजलं. एकतीस.

मंगळवारी एका अंकात चौकटच नव्हती.
तिथे एक इमारत उभी होती, बारा मजली :
ओढ्याकाठी, निसर्गाच्या कुशीत. बुकिंग सुरू.
तारीख बघितली आणि पट्टी खाली ठेवली.

ती रात्र मला आठवते. अकरा दहा.
जाहिरात विभागातले रानवडे जिना चढून आले, धापा टाकत,
एक बाय सहा हवेत, ताई, काहीही करा.
पानावर काढण्यासारखं दुसरं काही नव्हतं.
शब्दकोडं काढलं तर सकाळी फोन येतात.
मीच म्हणाले, हवामान काढा,
पाऊस आहे हे सगळ्यांना दिसतंय.
चौकटीत आकड्यांखाली बारीक टायपात दोन शब्द होते,
बऱ्याच वर्षांनी परत आलेलं ते एक वाक्य.
अतिवृष्टीची शक्यता.

ओढा दुसऱ्या रात्री आला.
त्याची बातमीही मीच लावली, आठ कॉलम, फोटोसकट.
शीर्षकात 'अचानक' होतं.

चौकट छापली असती तर खालच्या वस्तीत ती कुणी वाचली असती,
असा प्रश्न केसकरबाईंच्या मते माझ्या चौकटीत बसत नाही.
त्यांनी मला एक फॉर्म दिलाय, नीतिसमितीचा.
कलम सात :
संशोधकाचा विषयाशी हितसंबंध आहे काय?
असल्यास पन्नास शब्दांत लिहा.

पन्नास शब्द म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर.
'आहे' लिहिलंय.
तांबोळीमामा पंखा बंद करून, किल्ल्या घेऊन
दाराशी उभे आहेत.
म्हणतात, उद्या याच सालाचा पुढचा खंड काढू का?