रंगवार

पेटीचं वजन सात किलो नऊशे.
मर्यादा आठ.
म्हणून बॅटरी कोटाच्या उजव्या खिशात,
अ‍ॅडॉप्टर डाव्या,
आणि छोटा स्पीकर लोकरीच्या मोज्यात घालून पोटाशी.
रिगाच्या विमानतळावर बासष्ट वर्षांची स्काइद्रिते
दिवस भरलेल्या बाईसारखी चालते आहे,
कमरेवर हात ठेवून, जपून.

पेटी नवऱ्याची, मासेमारीची.
गळ आणि दोरे काढून तिनं आत बसवल्या अठरा पट्ट्या,
पट्ट्यांना भोकं, भोकांत वायरी,
एकीचं टोक दुसरीच्या पायाशी,
तिसरीचं फिरून पहिलीच्या गळ्याशी.
याला स्मरणशक्ती नाही.
बटण दाबून काही जपून ठेवता येत नाही यात.
कुठली वायर कुठल्या भोकात, तेवढाच सूर.
अकरा महिने रोज रात्री एखादी हलवून बघत होती,
आणि गेल्या गुरुवारी, शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला तेव्हा
तिला कळलं, झालं.
झाकण लावलं. परत उघडलं नाही.

कस्टमच्या कागदावर रकाने होते.
वस्तू: आवाजाची पेटी.
अनुक्रमांक: नाही.
बनवणारा: मी.
किंमत:
इथं पेन अडलं. शेवटी दातांच्या डॉक्टरचं बिल आठवून
तोच आकडा टाकला.

यंत्रात पेटी गेली आणि पट्टा थांबला.
पडद्यावर जे दिसलं ते कुणालाच आवडलं नसतं.
हातमोजे घातलेला पोरगा आला. छातीवर नाव, गुंतिस.
आपल्याला हसू यावं असं नाव, आणि काम नेमकं उलटं.
"हे काय?"
"वाद्य."
"वाजवा."
"आधी तापावं लागतं. दहा मिनिटं."
मागं रांग, रांगेत रडणारं बाळ,
बाळामागं काठ्यांसकट हॉकीची अख्खी टीम.
त्यानं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं
आणि पेटी आतल्या खोलीत नेली.

परत आला तेव्हा चेहरा
पाढा न चुकता म्हटलेल्या मुलासारखा.
कागदाच्या पट्टीनं पुसून पाहिलं, काही निघालं नाही.
तळाशी बघायचं म्हणून वायरी उपसाव्या लागल्या,
पण तशाच कोंबल्या नव्हत्या त्यानं.
लाल लालांत, पिवळ्या पिवळ्यांत, निळ्या नऊ,
प्रत्येक जुडीला रबर, टोकं एका रेषेत.
"आजी, आता गुंता नाही."

ती बघत राहिली.
एकोणिसाव्या वर्षापासून कारखाना बंद पडेपर्यंत
रेडिओच्या पट्ट्यावर बसून ती हेच करायची,
रंगवार जुड्या.
अशी टोकं जुळवणाऱ्या पोरीचं नाव
तिनं महिनाअखेरीला फळ्यावर लिहिलं असतं.
रागवायला जागाच ठेवली नाही त्यानं.
"छान बांधल्यास," ती म्हणाली,
आणि ते खरं होतं.

हेलसिंकी. मग तेरा तास, मधल्या आसनावर.
जेवणाच्या ट्रेवर तिची बोटं चालू:
पिवळी तिसऱ्यातून. नाही, चौथ्यातून.
निळी कुठंतरी वाकून जायची,
कुणाच्या तरी पाठीमागून.
शेजारच्या माणसाला वाटलं, बाई जप करते आहे.
त्यानं अदबीनं मान वळवली.
इंजिनाचा एक सूर होता, सगळा वेळ,
जरासा उतरलेला,
कुणी न लावलेला.

ओसाका. तळघरातला हॉल, चाळीस खुर्च्या.
मोरिशिमा नावाचा तंत्रज्ञ मनगटावर बोट ठेवून
खुणेनं विचारतो, किती वेळ लागेल लावायला?
"अकरा महिने," ती तिच्या भाषेत म्हणाली.
मग दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडून दाखवली.
वीस मिनिटं.

लाल जुडीचं रबर काढून तिनं मनगटात घातलं.
निळीचं राहू दिलं.